48 किलोहर्ट्झ आणि 2 मिलिसेकंद

वाइडबँड एचएफचं, म्हणजे लघुलहरींवरून रुंद पट्ट्यात डेटा पाठवणाऱ्या रेडिओचं, कुठलंही माहितीपत्रक उघडा, पहिल्याच पानावर 240 किलोबिट प्रति सेकंद हा आकडा ठळक अक्षरांत दिसतो. आकडा खोटा नाही. अमेरिकी लष्कराच्या मिल-स्टँडर्ड-188-110 या मानकाच्या डी आवृत्तीत (2017) तो आहे: 48 किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा, 256 क्यूएएम मॉड्युलेशन (लहरीची उंची आणि कला बदलून 256 पैकी एक खूण पाठवायची रीत), सेकंदाला 2,40,000 बिट. त्याच तक्त्यात 3 किलोहर्ट्झच्या रकान्यात कमाल वेग 16,000 आहे. पट्टा सोळा पट, वेग पंधरा पट. त्रैराशिक जवळजवळ जुळतं आणि वाचणारा खूश होतो.

मी रिसीव्हरच्या बाजूची. अँटेनातून जे काही गढूळ येतं, त्यातून बिट वेगळे काढणारा कोड लिहिणं हे माझं काम. या खुर्चीवरून बघितलं की तो 240 चा आकडा अख्ख्या तक्त्यातला सगळ्यात कमी उपयोगाचा वाटतो. रुंद पट्ट्याची खरी कमाई तक्त्याच्या मधल्या ओळींत आहे. तिकडे विक्रेते बोट दाखवत नाहीत, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आधी एक शंका मिटवून टाकते. लष्करी मॉडेम (बिटांचा सिग्नल आणि सिग्नलचे बिट करणारं यंत्र) म्हटलं की लोक आवाज खाली करून विचारतात, ‘हे गुप्त नसतं का?’ वेव्हफॉर्मचं, म्हणजे सिग्नलच्या आखणीचं, मानक जाहीर असतं, कुणीही उतरवून घ्यावं आणि वाचावं. प्रिअँबल (सुरुवातीचा ओळख देणारा तुकडा) कसं असतं, चुका दुरुस्त करणारा कोड कोणता, सिम्बॉल (हवेत जाणाऱ्या एकेक खुणा) किती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. गुपित असतं ते संदेश सांकेतिक करणाऱ्या किल्ल्यांमध्ये (की), आणि ती यंत्रणा मॉडेमच्या अलीकडे बसते. मॉडेमच्या हातात येणारे बिट आधीच सांकेतिक झालेले असतात. त्याच्या लेखी ते नुसते शून्य आणि एक.

3 किलोहर्ट्झ हा आकडा मुळात आला माणसाच्या आवाजातून. 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या एचएफ पट्ट्यात सिंगल साइडबँडवर (कमी रुंदीत आवाज पाठवायच्या पद्धतीवर) बोलायला तेवढी रुंदी पुरायची, म्हणून रेडिओतले फिल्टर तेवढे, वाटप तेवढं, सगळी शिस्तच तेवढ्याची. डेटा मॉडेम नंतर आले आणि त्याच खोलीत भाड्याने राहिले. 110 च्या ए आवृत्तीतल्या सिरियल टोन (एकाच वाहकावर चालणाऱ्या) मॉडेमची चाल ठरलेली: 1800 हर्ट्झच्या उपवाहकावर सेकंदाला 2400 सिम्बॉल, 8पीएसके (लहरीच्या आठ कलांपैकी एक). कोडिंगसकट 75 ते 2400 बिट. 2000 साली बी आवृत्तीने 64 क्यूएएमपर्यंत जाऊन त्याच खोलीत 9600 बसवले. त्यापुढे भिंत होती. सी आवृत्तीने (2011) ती पाडली आणि 24 किलोहर्ट्झपर्यंत, तीन-तीनच्या पायऱ्यांनी, मोठे पट्टे दिले. डी ने ते 48 पर्यंत नेले.

आता मुद्द्याचा आकडा: 2 मिलिसेकंद.

एचएफ लहर आयनांबरावर आपटून परत येते, आणि एकाच वाटेने येत नाही. एक वाट आयनांबराच्या खालच्या ई थरातून, दुसरी वरच्या एफ थरातून, तिसरी दोनदा उडी मारून. त्या वेगवेगळ्या वेळी पोचतात. मध्यम अक्षांशांवर खराब दिवशी दोन वाटांत 2 मिलिसेकंदांचं अंतर धरावं आणि प्रत्येक वाट स्वतःच्या लयीत, साधारण 1 हर्ट्झच्या डॉप्लर पसाऱ्याने (वारंवारतेच्या सरकण्याने), मंद-तेज होत राहते असं समजावं, हा मॉडेम तपासायचा जुना पाठ आहे. घुमणाऱ्या दालनात कुणी भरभर बोलायला लागलं की मागच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर चढतो, तसाच हा प्रकार. आणि भरभर बोलल्याने दालन काही लहान होत नाही.

3 किलोहर्ट्झच्या मॉडेमचा एक सिम्बॉल 0.417 मिलिसेकंदांचा. 2 मिलिसेकंदांत जेमतेम पाच सिम्बॉल. म्हणजे प्रत्येक सिम्बॉलवर मागच्या पाचांची सावली पडते, आणि इक्वलायझरला (अशा सावल्या पुसणाऱ्या भागाला) तेवढी निस्तरायची असते. 48 किलोहर्ट्झला सेकंदाला 38,400 सिम्बॉल जातात, एकेक 26 मायक्रोसेकंदांचा. आता त्याच 2 मिलिसेकंदांत 77 सिम्बॉल मावतात. आकाश तेच, वाटा त्याच, पण माझ्या कोडमधली समीकरणं पाचाची सत्त्याहत्तर झाली, आणि ती सोडवायला मिळणारा वेळ सोळा पटींनी आखडला. मॅट्रिक्सचं काम आकाराच्या वर्गाने-घनाने वाढतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

हेच चित्र वारंवारतेच्या बाजूने बघितलं तर आणखी बोलकं दिसतं. दोन सारख्या जोराच्या वाटा 2 मिलिसेकंदांच्या अंतराने आल्या की पट्ट्यात दर 500 हर्ट्झवर एक खड्डा पडतो, तिथे सिग्नल जवळपास नाहीसा होतो. 3 किलोहर्ट्झमध्ये असे सहा खड्डे, 48 मध्ये शहाण्णव. सिम्युलेटर चालू करून स्पेक्ट्रमची खिडकी उघडी ठेवली की हे खड्डे कंगव्याच्या दात्यांसारखे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात. मध्येच एका वाटेचा जोर जातो आणि कंगवा पुसट होतो, पुन्हा जोर येतो आणि दाते खोल उतरतात. नव्याने कामाला लागलेल्या कुणालाही मी आधी कोड दाखवत नाही, ही खिडकी दाखवते.

रिसीव्हरला ही सावली निस्तरायची तर आधी ती मोजावी लागते. त्यासाठी ज्ञात सिम्बॉल: दोन्ही बाजूंना आधीपासून माहीत असलेला एक छोटा तुकडा, डेटाच्या मध्ये ठरावीक अंतराने पेरलेला. याला मिनी-प्रोब म्हणतात. बी आवृत्तीत 256 डेटा सिम्बॉल आणि त्यामागे 31 ज्ञात, अशी चौकट होती. 31 हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचा हिशोब सुरेख आहे. फ्रँक-हाइमिलर जातीची 16 सिम्बॉलची माळ घ्यायची. तिची खुबी अशी, की ती स्वतःवर चक्राकार सरकवली तर शून्य सरकावाखेरीज सगळीकडे बेरीज शून्य येते. ही माळ पुन्हा सुरू करायची आणि शेवटचा मणी सोडून द्यायचा: 16 अधिक 15. मग मध्ये कुठेही 16 ची खिडकी लावा, माळ पूर्णच दिसते. 16 सिम्बॉल म्हणजे 6.7 मिलिसेकंद. तेवढ्या लांबीचा प्रतिध्वनी मोजता येतो.

तेच 6.7 मिलिसेकंद 48 किलोहर्ट्झला मोजायचे तर माळ 256 ची लागते. पण दोन प्रोबमधला डेटाही त्याच पटीत लांबवता येतो, कारण आयनांबर सिम्बॉल मोजून बदलत नाही, वेळ मोजून बदलतं. बी आवृत्तीची चौकट 120 मिलिसेकंदांची होती. तेवढा वेळ प्रत्येक पट्ट्यात धरला तर ज्ञात सिम्बॉलांचा वाटा शेकडेवारीत तेवढाच राहतो. वेव्हफॉर्म आखणाऱ्याचे खरे दोनच प्रश्न आहेत, दोन्ही मिलिसेकंदांतले: प्रतिध्वनी किती लांब, आणि तो किती वेळ स्थिर राहील. लांबी जास्त धरली तर लांब पल्ल्याला आणि ध्रुवांजवळ टिकाव लागतो, पण वेग घटतो. कमी धरली तर माहितीपत्रक सजतं.

आता प्रयोगशाळेबाहेरची गोष्ट. 256 टॅपांचा, म्हणजे एकेका सिम्बॉलएवढ्या उशिराच्या कप्प्यांचा, अंदाज काढला की त्यातल्या खऱ्या वाटा मूठभर असतात, उरलेले सगळे टॅप नुसता गोंगाट दाखवतात. तो गोंगाट तसाच इक्वलायझरला पाजला तर तो खोट्या वाटांविरुद्ध लढत बसतो. म्हणून छाटणी करावी लागते: खरे कोण, उपटसुंभ कोण. ही छाटणी मानकात कुठेही लिहिलेली नाही. मानक फक्त काय पाठवायचं ते सांगतं, कसं ऐकायचं हे ज्याचं त्याने बघावं. एकाच मानकाचे दोन मॉडेम प्रत्यक्ष हवेत अगदी वेगळे वागतात, ते इथे.

याच टॅपांच्या आलेखात मला रुंद पट्ट्याची पहिली खरी भेट मिळाली. अरुंद पट्ट्यात एक वाट म्हणजे एक पसरट ढेकूळ. ते कधी फुगतं, कधी बसतं, आणि आपण त्याला फेडिंग म्हणून मोकळे होतो. जवळच्या पल्ल्याच्या, जवळपास सरळ वर जाऊन खाली येणाऱ्या सिग्नलचं रुंद पट्ट्यातलं रेकॉर्डिंग लावलं की त्याच ढेकळाच्या जागी दोन टोकदार सुया उभ्या दिसतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आयनांबरात लहर दोन किरणांत फुटते, एक साधारण आणि एक असाधारण, आणि दोन्ही किंचित वेगळ्या वेळी परततात. 0.417 मिलिसेकंदांच्या सिम्बॉलला हा फरक दिसायचाच नाही. दोघे एकमेकांत मिसळून कधी भर घालायचे, कधी एकमेकांना मारायचे. 26 मायक्रोसेकंदांच्या सिम्बॉलला ते वेगळे दिसू शकतात, आणि वेगळे दिसले की इक्वलायझर त्यांना जुळवून घेऊ शकतो. जे आधी फेडिंग होतं, त्यातलं बरंचसं आता दोन वेगवेगळे साक्षीदार झालं.

हे डोक्यात ठेवून तक्त्याकडे परत या. मात्र आधी वीजबिल.

ट्रान्समीटरची ताकद ठरलेली असते. 3 ऐवजी 24 किलोहर्ट्झवर ती पसरली की दर हर्ट्झमागे ताकद आठ पटींनी पातळ होते, म्हणजे 9 डेसिबल कमी. 48 ला 12 डेसिबल. रिसीव्हर चांगला घ्या असा सल्ला इथे चालत नाही, कारण एचएफमध्ये गोंगाट बाहेरून येतो: दूरच्या विजा, माणसांनी लावलेली यंत्रं. रिसीव्हरचा स्वतःचा आवाज त्यात बुडून गेलेला असतो. 256 क्यूएएमला मुळातच स्वच्छ सिग्नल लागतो, वर हे 12 डेसिबल घालवून बसायचं. समुद्रावरून जाणारी भूपृष्ठ लहर, एकच वाट, जहाजं फार दूर नाहीत, अशा ठिकाणी 240 किलोबिट होतात आणि तिथे ते खरंच कामाचे आहेत. आकाशातून उडी मारून येणाऱ्या सिग्नलवर ते रोजच्या रोज मिळतील असं सांगणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारते: कुठल्या चॅनेलवर?

आता मधली ओळ. सेकंदाला 9600 बिट हवेत. 3 किलोहर्ट्झमध्ये त्यासाठी 64 क्यूएएम आणि तीन-चतुर्थांश दराचा कोड लागतो. चौसष्ट ठिपके (प्रत्येक खुणेचा एक) दाटीवाटीने बसलेले, जरा खड्डा पडला की शेजाऱ्याच्या घरात. 24 किलोहर्ट्झमध्ये तेच 9600 बीपीएसके (दोनच कलांचं पीएसके) आणि दोन-तृतीयांश कोडवर मिळतात. दोनच ठिपके, एक इकडे, एक तिकडे. पातळ झालेल्या ताकदीचे 9 डेसिबल वजा केले तरी शांत चॅनेलवर बीपीएसके काही डेसिबलने पुढेच राहतो. आणि चॅनेल शांत नसेल, तर फरक फार मोठा होतो. 3 किलोहर्ट्झमध्ये सहाच खड्डे, ते एकदम बसले की सगळा डेटा बसतो. 24 मध्ये अठ्ठेचाळीस खड्डे आणि त्यांच्या मध्ये अठ्ठेचाळीस उंचवटे. प्रत्येक सिम्बॉल सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो, त्यामुळे काही भाग मेला तरी बाकीचा त्याला उचलून धरतो. त्यात वर सांगितलेल्या सुया वेगळ्या दिसल्या तर आणखी आधार.

म्हणून मला कुणी विचारलं की रुंद पट्टा कशासाठी घ्यावा, तर मी सांगते, तुमचा आत्ताचाच वेग घ्या आणि तो दिवसातून जास्त तास चालवा. खरेदीच्या बैठकीत हे वाक्य पडतं. ‘पूर्वीइतकाच वेग’ या शब्दांना टाळ्या मिळत नाहीत. पण 64 क्यूएएमवर सकाळभर लटपटणारी लिंक ज्याने चालवलीय, तो ऑपरेटर मान डोलावतो.

बीपीएसकेवरून एक आठवलं. हे सिग्नल पहिल्यांदा स्क्रीनवर आणणारे हमखास गोंधळतात: बीपीएसके म्हणता आणि ठिपके तर आठ दिसतात! मानकात पीएसकेचा प्रत्येक डेटा सिम्बॉल स्क्रॅम्बलरमधून जातो, आठाच्या चक्रात फिरवलेला, त्यामुळे हवेत सगळंच 8पीएसकेसारखं दिसतं. उलटा फिरवला की दोनच ठिपके उरतात. बघून ओळखायची सवय इथे कामाला येत नाही. वेव्हफॉर्म कोणता हे प्रिअँबललाच विचारावं लागतं.

प्रिअँबल हा माझा आवडता भाग, आणि लोक तो वाचता वाचता सोडून देतात. रिसीव्हरला काहीच माहीत नसतं: सिग्नल कधी येणार, किती जोरात, वारंवारता किती सरकलेली, कुठला वेग, कुठला इंटरलीव्हर (बिट काळात विखरणारा भाग). सुरुवातीचा तुकडा फक्त ट्रान्समीटरची पातळी आणि रिसीव्हरचा स्वयंचलित गेन (सिग्नल वाढवायचं प्रमाण) स्थिर व्हायला दिलेला असतो, त्यात माहिती नसते. मग तीन भाग येतात: एक ठरलेला, एक उलटी मोजणी करणारा, एक वेव्हफॉर्मची ओळख सांगणारा. हे त्रिकूट हवं तितक्या वेळा फिरवून पाठवता येतं. उलट्या मोजणीमुळे उशिरा जागा झालेला रिसीव्हरही पहिली फेरी चुकली तरी दुसरीत शिरतो आणि डेटा नेमका कधी सुरू होणार हे त्याला कळतं. हे सगळं वॉल्श कोडमध्ये (एकमेकांपासून सहज वेगळ्या ओळखता येणाऱ्या माळांत) असतं, कारण प्रिअँबल डेटापेक्षा जास्त कणखर असायलाच हवं. दारावरची थाप ऐकू आली नाही तर आतल्या सामानाचं काय करायचं? सगळ्यात खालच्या वेगालाही हाच वॉल्श वापरतात. 3 किलोहर्ट्झला 75 बिट, म्हणजे एका बिटामागे 32 सिम्बॉल. गोंगाट सिग्नलपेक्षा मोठा असतानाही तो निघतो. ज्यांना फक्त ‘पोचलो, ठीक आहोत’ एवढंच सांगायचं असतं, त्यांच्यासाठी तक्त्यातली ही पहिली ओळ बाकी सगळ्या ओळींपेक्षा मोलाची.

दुसरा रस्ताही होता, तो सांगायला हवा. एका वेगवान वाहकाऐवजी अनेक संथ वाहक घ्यायचे, प्रत्येकाचा सिम्बॉल लांब, मग प्रतिध्वनी सिम्बॉलच्या पोटातच मावतो आणि इक्वलायझरचं निम्मं दुखणं जातं. 110 मध्ये 39 टोनचा समांतर मॉडेम होताच. वायफाय आणि मोबाइल याच वाटेने गेले. एचएफमध्ये अडतं ते पॉवर ॲम्प्लिफायरपाशी. अनेक वाहकांची शिखरं मधूनच एका रेषेत येतात आणि उंच टोक निघतं. ते कापलं जाऊ नये म्हणून ॲम्प्लिफायर सरासरीत कितीतरी खाली चालवावा लागतो. पाठीवरच्या रेडिओत वॉट आधीच मोजून-मापून असतात, त्यातले असे सोडून देणं परवडत नाही. एकच वाहक, पीएसके, शिखरं बुटकी, हे त्यातलं व्यवहारी उत्तर. क्यूएएमला गेलं की त्यातला काही फायदा जातो, तरीही मी हीच बाजू घेईन. अवघड काम रिसीव्हरमधल्या प्रोसेसरवर ढकला. प्रोसेसर दरवर्षी स्वस्त होतो, बॅटरी तेवढी होत नाही.

थेल्स या फ्रेंच कंपनीच्या एचएफ एक्सएल यंत्रणेने तिसराच विचार केला. सलग रुंद पट्टा मागण्याऐवजी 200 किलोहर्ट्झच्या आवारात विखुरलेले 3 किलोहर्ट्झचे तुकडे, जास्तीत जास्त सोळा, एकत्र वापरायचे. कल्पना लबाड आहे आणि मला आवडते, कारण ती एका खऱ्या अडचणीवर बोट ठेवते: सलग 48 किलोहर्ट्झ रिकामे मिळणार कुठे? रात्री खालच्या वारंवारता तेवढ्याच चालू राहतात आणि सगळं जग तिथेच गर्दी करतं. अमेरिकी मानकांनी याचं उत्तर लिंक जोडणीत शोधलं. 188-141 या जोडीच्या मानकाच्या डी आवृत्तीतली रुंद पट्ट्याची स्वयंचलित लिंक जोडणी आधी दोन्ही टोकांना कान देऊन बघते, कुठला भाग मोकळा आहे ते ताडते, आणि मग मिळेल तेवढीच रुंदी ठरवते. 48 नाही तर 30, 30 नाही तर 12. तक्त्यातल्या त्या सगळ्या मधल्या रुंदी उगाच नाहीत.

इंटरलीव्हरबद्दल थोडक्यात, कारण पुढच्या तक्रारीला तो लागणार आहे. बिट काळात विखरून पाठवायचे, म्हणजे एक सेकंदाचा खड्डा एकाच वाक्यावर न पडता अनेक वाक्यांच्या एकेका अक्षरावर पडतो आणि कोड तो भरून काढतो. चार आकार: साधारण 0.12, 0.48, 1.92 आणि 7.68 सेकंद. 1 हर्ट्झच्या फेडिंगमध्ये खड्डा सेकंदाच्या घरात असतो, त्यामुळे सगळ्यात लांबट इंटरलीव्हर सगळ्यात भरवशाचा. किंमत म्हणजे वाट बघणं. सोबतचा कोड 7 किंवा 9 लांबीचा कन्व्होल्यूशनल, शेपूट तोंडात धरलेला, म्हणजे शेवटाला जादा बिट वाया जात नाहीत आणि कोडचा ठोकळा इंटरलीव्हरच्या ठोकळ्याशी तंतोतंत बसतो. अशा बारीक जागी मानक लिहिणाऱ्यांची हुशारी दिसते.

तपासणीबद्दल मात्र माझा एक जुना राग आहे. आपण सगळे वॉटरसन मॉडेलवर, म्हणजे एचएफ आकाशाच्या एका गणिती नकलेवर, चाचणी करतो. बोल्डर, कोलोरॅडो इथल्या वॉटरसन आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये ते मांडलं, खऱ्या आकाशावरच्या मोजमापांशी ताडून, आणि ते अरुंद पट्ट्याचं आहे हे त्यांनी लपवलं नाही. 12 किलोहर्ट्झच्या आसपास त्याची हद्द संपते. त्यात प्रत्येक वाट म्हणजे एका क्षणी येणारी एक सुई, सगळ्या वारंवारतांना तोच उशीर. 48 किलोहर्ट्झमध्ये एकच वाट सुद्धा पसरते, खालच्या आणि वरच्या कडेला उशीर वेगळा पडतो, आणि साधारण-असाधारणची जोडी तर त्या मॉडेलमध्ये मुद्दाम घालावी लागते. तरी चाचणीचा कागद ‘2 मिलिसेकंद, 1 हर्ट्झ’ म्हणतो, मॉडेम पास होतो, सही पडते. पास झाला याचा अर्थ तो त्या मॉडेलमध्ये पास झाला. रुंद पट्ट्यासाठी खऱ्या हवेतली रेकॉर्डिंग जमवून त्यावर मॉडेम चालवणं जास्त कटकटीचं आहे, पण माझ्या टेबलावरचे निम्मे बग त्यातूनच सापडतात. सिम्युलेटर त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आणि शेवटचं दुखणं मॉडेमच्या बाहेरचं. समजा आकाश प्रसन्न आहे, 240 किलोबिट खरंच चालू आहेत. वर नाटोचा स्टॅनॅग 5066 हा डेटा लिंकचा प्रोटोकॉल (डेटा कसा पाठवायचा आणि पोच कशी घ्यायची याचे नियम) बसलाय, कारण तोच सगळीकडे बसलाय. तो फ्रेम (डेटाची पाकिटं) पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो. मूळ रचनेत फ्रेमचा क्रमांक 8 बिटांचा, त्यामुळे पोचेविना एका वेळी साधारण 128 फ्रेम हवेत ठेवता येतात, एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त 1023 बाइट. सगळे मिळून सुमारे 10 लाख 47 हजार बिट. एका दमात बोलायची मर्यादा 127.5 सेकंद. 9600 ला हा हिशोब छान बसतो: 109 सेकंदांत खिडकी संपते, मग उलट बाजूचं ऐकायचं. त्या काळच्या वेगासाठी मापून शिवलेला कपडा.

240 किलोबिटला तीच खिडकी 4.4 सेकंदांत संपते. मग मॉडेम गप्प, लिंक उलटी फिरवा, पोच ऐका, पुन्हा प्रिअँबल, पुन्हा सुरुवात. आणि भरवशासाठी लांबट इंटरलीव्हर घेतला असेल तर त्याचा एकच ठोकळा 7.68 सेकंदांचा. खिडकीतला सगळा डेटा ओतून झाला तरी पहिला ठोकळा अर्ध्याच्या थोडा वर भरलेला. उरलेली जागा मॉडेम मुकाट्याने भरताडाने भरतो आणि तीही आकाशात पाठवतो. नंतरच्या आवृत्तीत खिडकी मोठी करायची सोय आली, पण दोन्ही टोकांना ती असेल तरच. नवीन मॉडेम आणि जुनं सॉफ्टवेअर ही जोडी मी इतक्यांदा पाहिलीय की ‘240 मिळत नाहीत’ अशी तक्रार आली की मी हल्ली सिग्नल बघायच्या आधी फ्रेमचा क्रमांक किती बिटांचा आहे ते विचारते. बहुतेक वेळा समोरून आधी शांतता येते, आणि मग ‘आठ’.